शस्त्रक्रिया झाली, पुढे काय?

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आरोग्यविषयक एखादा लेख द्यावा, असे संपादक मंडळाने सुचवले तेव्हा प्रथम आम्हांला संकोच वाटला. आम्ही शाळामास्तर. वर्गात विज्ञान शिकवतो हे खरे, पण वैद्यकाची पदवी आमच्यापाशी नाही. मग ध्यानात आले की एका विकाराची ओळख आम्हांला घरातच घडली आहे. त्या वेळी जे कळायला हवे होते ते कोणी नीट समजावून सांगितले असते, तर एक मोठा प्रसंग टळला असता. तोच समजावून सांगण्याचा प्रयत्न येथे करीत आहोत. लेखातील वैद्यकीय मजकूर सर्वमान्य माहितीवर आधारलेला आहे. तरीही औषधाचे प्रमाण ज्याचे त्याने आपल्या डॉक्टरांनाच विचारून ठरवावे, ही विनंती आरंभीच करून ठेवतो.

आमच्या थोरल्या भगिनी, ज्यांना घरात आम्ही सारे आपा म्हणतो, त्यांचा चेहरा पाच-सहा वर्षांपूर्वी एकाएकी गोल दिसू लागला. पोट सुटले, मात्र हातपाय काड्यांसारखे झाले. नातलग म्हणत, ‘आपा सुखात आहेत, अंगावर मांस चढले आहे.’ पुढे साखर निघाली, रक्तदाब निघाला. जरासा धक्का लागला तरी अंगावर काळेनिळे डाग उमटत. नमाजाच्या वेळी सजद्यातून उठताना दोन्ही हात टेकल्यावाचून त्यांना उठवेना. वयाचा दोष म्हणून आम्ही ते मनावर घेतले नाही. शेवटी पोटदुखीसाठी म्हणून काढलेल्या चित्रात डाव्या मूत्रपिंडाच्या वर एक गाठ दिसली आणि सर्व उलगडा झाला. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली, ती उत्तम पार पडली, आणि पाचव्या दिवशी आपा घरी आल्या. आम्ही पेढे वाटले.

आमची चूक झाली ती याच ठिकाणी. काम संपले असे आम्ही समजलो. वस्तुतः अर्धे काम तेव्हा सुरू होत होते.

ग्रंथी कोणती आणि तिचे काम काय

आपल्या दोन मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारखी एकेक लहान ग्रंथी असते. तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. लंडनच्या टॉमस ॲडिसन यांनी १८५५ साली या ग्रंथी निकामी झालेल्या रोग्यांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा एवढ्याशा अवयवावाचून माणूस जगू शकत नाही हे वैद्यकाला प्रथम उमगले.

या ग्रंथीतून जे अनेक रस रक्तात उतरतात त्यांपैकी एक कॉर्टिसॉल. दोन जेवणांच्या मधल्या वेळात रक्तातील साखर घसरू न देणे, रक्तदाब टिकवणे, सूज आवरणे आणि ताप, अपघात, शस्त्रक्रिया अशा संकटात शरीराला तग धरायला लावणे ही त्याची कामे. त्याला वेळापत्रकही आहे. पहाटे जाग येण्याच्या सुमारास रक्तातील कॉर्टिसॉल सर्वांत जास्त असते, दिवसभरात ते उतरत जाते आणि मध्यरात्री सर्वांत कमी होते. हा क्रम वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण गोळ्यांच्या वेळा त्यावरच बेतलेल्या असतात.

आधिक्य झाले म्हणजे

कॉर्टिसॉल जरुरीपेक्षा जास्त झाले आणि महिनोन्‌महिने तसेच राहिले, तर वर सांगितलेले सर्व गुण दोष बनतात. साखर वाढते. रक्तदाब चढतो. स्नायूंतील प्रथिने मोडून खर्ची पडतात, म्हणून मांड्या व दंड बारीक होतात. चरबी मात्र पोटावर, चेहऱ्यावर आणि मानेच्या मागे साठते. त्वचा पातळ होते, पोटावर जांभळे रुंद पट्टे दिसतात, हाडे ठिसूळ होतात, जखमा लवकर भरत नाहीत, जंतुसंसर्ग वरचेवर होतो. झोप उडते, मन चिडचिडे वा उदास होते, स्त्रियांची पाळी बिघडते. अमेरिकेतील मेंदूशल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी असा एक रुग्ण १९१२ साली नोंदवला आणि १९३२ साली त्यावर सविस्तर निबंध लिहिला; म्हणून याला कुशिंगचा विकार म्हणतात.

शरीराच्या आतून उद्भवणारा हा विकार विरळा. अशा रुग्णांपैकी बहुतेकांत मूळ दोष मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीत असतो. थोड्यांच्या बाबतीत अधिवृक्क ग्रंथीतच गाठ असते, आणि प्रस्तुत लेख मुख्यतः त्यांच्याविषयी आहे. परंतु कॉर्टिसॉलसारखा परिणाम होण्याचे सर्वांत मोठे कारण बाहेरून आत जाते. दमा, सांधेदुखी, त्वचारोग यांसाठी दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड औषधे, आणि गुडघेदुखीवर रामबाण म्हणून बिनलेबलाच्या पुडीतून विकली जाणारी काही चूर्णे, ज्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळते, ही ती कारणे होत. पुडी घेतल्यापासून दोन दिवसांत दुखणे पळाले आणि दोन महिन्यांत चेहरा गोल झाला, तर शंका घ्यावी. मात्र असे औषध दीर्घकाळ चालू असेल तर तेही एकदम थांबवू नये, डॉक्टरांकडे जावे. कारण पुढे वाचल्यावर कळेल.

निदानासाठी एक सोपी चाचणी आहे. रात्री अकराच्या सुमारास डेक्सामेथासोनची एक मिलिग्रॅमची गोळी देतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठ-नऊ वाजता रक्त तपासतात. निरोगी माणसाची ग्रंथी या गोळीने दबते आणि कॉर्टिसॉल १.८ मायक्रोग्रॅमच्या खाली जाते. गाठ मात्र कोणाचे ऐकत नाही. हल्ली दुसऱ्या कारणासाठी काढलेल्या चित्रांत अशा गाठी वारंवार सापडतात. त्यांतील पुष्कळशा निरुपद्रवी असतात. काही थोडेथोडे जास्त कॉर्टिसॉल स्रवतात. चेहरा गोल होण्याइतके ते नसते, पण साखर व रक्तदाब वाढवण्यास पुरते. अशा सौम्य आधिक्यातही योग्य रुग्ण निवडून गाठ काढल्यास रक्तदाब आटोक्यात येण्यास मदत होते, असे अलीकडच्या चाचण्यांत दिसले आहे.

शस्त्रक्रियेने काय होते, काय होत नाही

पोटावर दोन-चार लहान छिद्रे पाडून दुर्बिणीच्या साहाय्याने ही ग्रंथी काढण्याची पद्धत १९९२ पासून जगभर रूढ होत गेली. गाठ निघाली की जादा कॉर्टिसॉलचा झरा त्याच दिवशी बंद होतो. पण दुसऱ्या बाजूची निरोगी ग्रंथी तेव्हा झोपलेली असते.

हे आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना वर्गातल्याच उदाहरणाने सांगतो. वर्गात एक दांडगा मुलगा आहे. प्रश्न विचारण्याआधीच तो उत्तर ओरडतो. काही दिवसांनी गुरुजी प्रश्न विचारणेच सोडून देतात, आणि शेजारचा हुशार मुलगा तोंड उघडायचे विसरतो. पुढे दांडग्याची बदली दुसऱ्या शाळेत झाली, तरी वर्ग लगेच सुरळीत होत नाही. आधी गुरुजींना पुन्हा प्रश्न विचारायची सवय लागावी लागते, मग त्या गप्प मुलाला धीर यावा लागतो. गुरुजी म्हणजे पीयूष ग्रंथी, दांडगा मुलगा म्हणजे गाठ, आणि गप्प बसलेला तो म्हणजे उरलेली निरोगी ग्रंथी. तिला जागे व्हायला सौम्य विकारात काही आठवडे ते काही महिने, आणि जुनाट, तीव्र विकारात एक वर्ष, प्रसंगी दोन वर्षे वा अधिकही लागतात.

तोवर शरीराचे काम चालावे म्हणून हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या देतात. हायड्रोकॉर्टिसोन म्हणजे कॉर्टिसॉलच. ज्या शोधांमुळे ही औषधे हाती आली, त्यांबद्दल केंडॉल, राइखश्टाइन व हेंच या तिघांना १९५० साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यापूर्वी अशा शस्त्रक्रियेनंतर रोगी वाचणेच अवघड होते.

आता आमच्या घरी घडलेला प्रसंग. तिसऱ्या आठवड्यात आपांचे अंग ठणकू लागले, भूक गेली, मळमळ होऊ लागली, कातडीचा कोंडा सुटला, आणि त्या कारण नसता रडू लागल्या. घरात चर्चा सुरू झाली. कोणी म्हणाले, शस्त्रक्रिया फसली. कोणी म्हणाले, ‘या गोळ्या स्टेरॉइडच्या आहेत, यांनीच हाडे पोखरतात, ज्या विषासाठी पोट फाडले तेच विष पुन्हा कशाला?’ युक्तिवाद आम्हांलाही पटला. आम्ही पदवीधर असूनही पटला, हे कबूल केले पाहिजे. गोळ्या बंद झाल्या. त्यात ताप आला, उलट्या झाल्या, आणि पाचव्या रात्री आपा बेशुद्धीच्या काठावर पोचल्या. रुग्णालयात सलाइन व हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन मिळाले आणि काही तासांत त्या उठून बसल्या. डॉक्टरांनी आमच्याकडे पाहून इतकेच विचारले, ‘मास्तर, गोळ्या कोणी थांबवल्या?’ उत्तर द्यायला तोंड नव्हते. दोष आमचाच होता.

नंतर कळले की तो अंगठणका आणि ती उदासी ही शस्त्रक्रिया फसल्याची खूण नव्हे. उलट, ती यशस्वी झाल्याची खूण आहे. वर्षानुवर्षे कॉर्टिसॉलच्या पुरात राहिलेल्या शरीराला साधारण पातळीही दुष्काळासारखी भासते. हा काळ कठीण असतो, पण तो सरतो. फारच त्रास झाला तर डॉक्टर काही दिवस मात्रा वाढवतात व पुढे सावकाश उतरवतात. आणि विषाचा जो युक्तिवाद होता त्याचे उत्तर असे : नुकसान होते ते आधिक्याने. गरजेपुरती मात्रा, म्हणजे सर्वसाधारणपणे दिवसाला १५ ते २५ मिलिग्रॅम, ही निरोगी शरीर स्वतः जेवढे बनवते साधारण तेवढीच असते.

पहिले काही आठवडे

या काळात चार गोष्टींकडे घरच्यांनी लक्ष द्यावे.

पहिली, साखरेची औषधे. झरा बंद झाला की साखर झपाट्याने उतरू शकते. शस्त्रक्रियेपूर्वीचेच इन्सुलिन व त्याच गोळ्या चालू ठेवल्यास साखर धोक्याच्या खाली जाते. घरी साखर मोजण्याचे यंत्र ठेवावे, रोजचे आकडे वहीत लिहावेत आणि डॉक्टरांना दाखवून मात्रा कमी करून घ्यावी.

दुसरी, रक्तदाबाची औषधे. तीही बहुधा कमी करावी लागतात. उभे राहताच घेरी येत असेल तर बसून व उभे राहून असा दोनदा रक्तदाब मोजावा. पूर्वी पोटॅशियम वाढवणारे औषध चालू असेल तर ते आता हवे की नको, हे विचारून घ्यावे.

तिसरी, रक्ताच्या गुठळ्या. कुशिंगच्या विकारात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते व शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे धोका राहतो. म्हणून अंथरुणाला खिळून राहू नये, दुसऱ्या दिवसापासून घरात चालावे. एकच पोटरी सुजली व दुखू लागली, किंवा एकाएकी धाप लागली, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

चौथी, जखम व जंतुसंसर्ग. त्वचा पातळ असल्याने जखम सावकाश भरते. ताप अंगावर काढू नये.

गोळीचे नियम

हे नियम आमच्या घरी आता स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावले आहेत.

सकाळची मात्रा, जी मोठी असते, ती जाग येताच घ्यावी. उरलेली दुपारी, वा सांगितले असल्यास दुपारी आणि संध्याकाळी. रात्री उशिरा घेतल्यास झोप उडते व साखर वाढते. लिंबायत, उधना, डिंडोलीकडील आपले पुष्कळ बांधव मागावर रात्रपाळी करतात. त्यांची सकाळ दुपारी होते. अशांनी घड्याळाकडे न पाहता उठण्याच्या वेळेवर गोळ्या कशा बसवायच्या ते डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

ताप आला किंवा मोठे आजारपण आले तर मात्रा दुप्पट वा तिप्पट करावयाची असते, दोन-तीन दिवस, आणि बरे वाटताच पूर्ववत आणावयाची. निरोगी ग्रंथी आजारात स्वतःच जास्त कॉर्टिसॉल सोडते. झोपलेली ग्रंथी ते करू शकत नाही, म्हणून. उलट्या होऊन गोळी पोटात राहत नसेल तर वाट पाहू नये; हायड्रोकॉर्टिसोनच्या १०० मिलिग्रॅमच्या इंजेक्शनची गरज असते. दात काढणे असो, कोणतीही शस्त्रक्रिया असो, आधी सांगावे. खिशात एक चिठ्ठी ठेवावी : ‘माझी अधिवृक्क ग्रंथी काढली आहे. मला हायड्रोकॉर्टिसोनची गरज आहे.’ फ्लाइंग राणीने मुंबईस जाणाऱ्याने गोळ्या पेटीत न ठेवता अंगावरच्या खिशात ठेवाव्यात.

दोन औषधांविषयी विशेष सूचना. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन शरीरातील हायड्रोकॉर्टिसोन लवकर मोडून टाकते, म्हणून क्षयाचे उपचार सुरू होत असतील तर गोळ्यांची मात्रा बहुधा वाढवावी लागते. आणि खोकल्यासाठी घरोघरी चघळले जाणारे जेष्ठमध कॉर्टिसॉलचा प्रभाव वाढवून रक्तदाब चढवते व पोटॅशियम उतरवते, म्हणून या रुग्णांनी ते टाळावे.

ज्यांच्या दोन्ही ग्रंथी काढाव्या लागल्या असतील त्यांना मात्र या गोळ्या, आणि मीठ-पाण्याचा तोल राखणारी फ्लुड्रोकॉर्टिसोनची गोळी, जन्मभर घ्यावी लागते. त्यांच्या बाबतीत थांबवण्याचा प्रश्नच येत नाही. एक ग्रंथी उरलेल्यांची मात्रा डॉक्टर हळूहळू उतरवतात आणि मधूनमधून सकाळची गोळी घेण्याआधी रक्त तपासून ग्रंथी जागी झाली की नाही ते पाहतात.

आहार

आजार वर्षानुवर्षे चाललेला असतो, आणि त्याचे उरलेले देणे आहार व व्यायाम या दोन वाटांनीच फिटते. वजन सहा महिने ते वर्षभरात उतरते. पुष्कळांची साखर व रक्तदाब सुधारतात, परंतु सर्वांचे पूर्णपणे नाही. म्हणून हृदयविकाराचा धोका आपोआप टळला असे समजू नये.

या संदर्भात पुण्याची एक नोंद मोठी बोधप्रद आहे. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश स्नेही डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या पत्रात स्वतःचीच मोजमापे छापली. दोघांचा देहभारांक एकच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! तात्पर्य, आपण हिंदी माणसे काट्यावर सडपातळ दिसलो तरी आत चरबी बाळगून असतो. कुशिंगच्या रुग्णात पोटातील चरबी आधीच वाढलेली व स्नायू घटलेले, म्हणजे दुखण्यावर दुखणे. म्हणून वजनकाट्यापेक्षा शिवणकामाची टेप अधिक खरे बोलते. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या व स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या आत यावी, हे लक्ष्य ठेवावे.

गेलेले स्नायू परत आणायचे तर प्रथिने हवीत. अंडी, मासळी, कोंबडी, दही, ताक, डाळी, मटकी, कुळीथ, शेंगदाणे यांपैकी काही ना काही प्रत्येक जेवणात असावे. मूत्रपिंडांचा विकार असेल तर मात्र प्रमाण डॉक्टरांना विचारावे. हाडांसाठी दूध, नाचणी, तीळ आणि सकाळचे ऊन. ड जीवनसत्त्व कमी असल्यास औषध. आपल्या खानदेशी घरांतील ज्वारी-बाजरीची वा कळण्याची भाकरी, वांग्याचे भरीत, पालेभाजी हे जेवण या रुग्णासाठी उत्तमच, फक्त तेलाची तर्री आवरावी. सुरतेत राहून जीभ आवरणे सोपे नाही, हे आम्ही जाणतो. खमण मुळात चण्याच्या डाळीचे. आक्षेप आहे तो वरच्या तेलावर व शेवेवर. लोचोवरील लोण्याचेही तसेच. चंदनी पडव्याची घारी मात्र मावा, तूप व साखर यांचीच असते. तिचा एक लहान तुकडा सर्वांनी मिळून खावा.

अलीकडे वजन उतरवण्याची इंजेक्शने बाजारात आली आहेत. त्यांनी मळमळ व उलट्या होऊ शकतात. ज्याचे प्राण गोळी पोटात राहण्यावर अवलंबून आहेत त्याने ती आपल्या अंतःस्रावी तज्ज्ञाला विचारल्यावाचून घेऊ नयेत.

व्यायाम

या विकारात मांड्या व खांदे यांचे स्नायू सर्वांत दुबळे होतात, आणि ते सर्वांत सावकाश परततात. सुरुवात चालण्याने करावी : पाच मिनिटे, मग दहा, मग अर्धा तास. नंतर शल्यविशारदांची अनुमती मिळाल्यावर खुर्चीचा व्यायाम. खुर्चीवर बसावे, हात छातीशी बांधावेत आणि हात न टेकता उठावे. पहिल्या आठवड्यात दोनदा जमले तर दोनदा. पुढे भिंतीला तळवे टेकून रेटणे, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे. हाडे ठिसूळ असतील तर कमरेत वाकून घागर वा पोते उचलू नये. मणका दबण्याचा संभव असतो. हाडांची घनता भरून यायला दोन वर्षे वा अधिक लागतात.

सुरतेच्या उन्हाळ्यात व्यायाम पहाटे वा सूर्यास्तानंतर करावा. पाणी भरपूर प्यावे. उन्हाने उलट्या-जुलाब झाले तर वर सांगितलेला आजारपणाचा नियम लागू होतो.

रोजे व उपवास

हा विषय नाजूक आहे, परंतु टाळता येणार नाही. रमजानात निर्जळी चौदा तास काढणे हे झोपलेल्या ग्रंथीच्या माणसाला धोक्याचे आहे, कारण गोळी चुकते व शरीरातील पाणीही घटते. धर्माने आजारी माणसाला स्पष्ट सवलत दिली आहे. सुटलेले दिवस पुढे भरून काढता येतात, आणि जन्माच्या आजाऱ्यासाठी दुसरी तरतूद आहे. सवलत घेणे हा श्रद्धेतील उणेपणा नव्हे. आपांना हे पटवायला आम्हांला एक रमजान गेला. ज्यांची प्रकृती स्थिर आहे अशा काहींना डॉक्टर सेहरी व इफ्तारच्या वेळा धरून औषध बदलून देऊ शकतात, पण ते रमजानच्या महिना-दीड महिना आधी ठरवावे. आणि घेरी वा उलटी आली तर रोजा तेथेच सोडावा.

हीच गोष्ट एकादशीची, नवरात्राची व कडक सोमवारची. फलाहाराच्या नावाखाली साबुदाणा, तळलेले बटाटे व गोड पेय पोटात जात असेल तर उपवासाने साखर वाढतेच. घरच्या वडीलधाऱ्यांनी आजाऱ्यास स्वतःहून सांगावे की, तुझ्या वाटचा उपवास आम्ही करतो, तू वेळेवर गोळी घे.

तपासण्या आणि आपले कर्तव्य

पहिल्या वर्षी दर दोन-तीन महिन्यांनी रक्तदाब, कंबर, वजन व साखर पाहावी. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी करावी. वर्षातून एकदा कोलेस्टेरॉल आणि डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे हाडांची घनता. मनाची स्थितीही विचारावी. उदासी, विसर, चिडचिड महिनोन्‌महिने रेंगाळते व त्यावरही उपाय असतो. विकार विरळा असल्याने अनुभवी अंतःस्रावी तज्ज्ञाचा सल्ला निदान काही भेटींपुरता तरी मिळवावा. मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयात, जे १९२६ पासून लोकसेवेत आहे, या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे.

येथे एक गोष्ट ट्रस्टच्या सभासदांपुढे नम्रपणे ठेवतो. शासकीय आरोग्य कार्डामुळे गुजरातेत पात्र कुटुंबाला २०२३ पासून वर्षाला दहा लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळते. पण ते मुख्यतः रुग्णालयात दाखल असतानाच्या खर्चासाठी आणि घरी आल्यावरच्या थोड्या दिवसांसाठी. पुढल्या वर्षभराच्या गोळ्या, तपासण्या, साखरेच्या पट्ट्या, मुंबईची येजा हा खर्च घरावरच पडतो. शस्त्रक्रियेसाठी आपण सर्व उदारपणे वर्गणी देतो. नंतरच्या गोळ्यांसाठी कोणी वर्गणी मागितल्याचे आम्ही ऐकले नाही. वैद्यकीय मदत निधीतून शस्त्रक्रियेनंतरच्या एका वर्षासाठी थोडी रक्कम राखता आली, तर रुग्णाचा जीव आणि आधीची देणगी, दोन्ही वाचतील.

आपांच्या शस्त्रक्रियेला आता अडीच वर्षे झाली. इन्सुलिन सुटले, साखरेची एक गोळी चालू आहे. रक्तदाबाच्या तीनपैकी एकच गोळी उरली. हायड्रोकॉर्टिसोन विसाव्या महिन्यात तपासणी करून डॉक्टरांनीच बंद केले. कंबर नऊ सेंटिमीटरनी उतरली. आणखी उतरायची आहे. गेल्या ईदच्या सकाळी त्या सजद्यातून हात न टेकता उठल्या. घरातील लहान मुलांना त्यात विशेष काही वाटले नाही. आम्ही मात्र क्षणभर तोंड फिरवले.

वाचक बंधुभगिनींनो, आपल्या वा शेजारच्या घरी असा रुग्ण असेल तर त्याला पेढे अवश्य द्या, पण गोळीच्या वेळा लिहिलेला कागदही द्या. ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवास आमच्या हार्दिक शुभेच्छा.